भाडेकरूने गाळ्याचं नुकसान केलंय? दुरुस्तीची नोटीस कशी लिहायची



गाळा भाड्याने देण्यावरचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, भाडं वेळेवर येतं, पण गाळ्याची वाट लावलीय. बोललो तर माणूस दुखावतो, नाही बोललो तर गाळा जातो. काय करू?"

याचं उत्तर एका पानाच्या पत्रात आहे. आपल्याकडे 'नोटीस' म्हटलं की लोकांना लगेच वकील, कोर्ट आणि कायमचं वैर दिसतं. पण दुरुस्तीची नोटीस म्हणजे मुळात व्यवहाराचं पत्र. काय मोडलंय, ते कशाने मोडलं, कसं दुरुस्त करायचं आणि कधीपर्यंत, एवढंच त्यात असतं. हे पत्र वेळेवर गेलं तर विषय काही हजारांत मिटतो. गेलं नाही तर गाळा सोडायच्या दिवशी, सामान टेंपोत चढत असताना, डिपॉझिटवरून आवाज चढतात. त्या वेळी तुमच्या हातात फक्त राग असतो, कागद नसतो.

चर्चा हवेत नको म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, पिंपरी-चिंचवडकडे तुमचा २५० चौरस फुटांचा गाळा आहे. एका फरसाणवाल्याला लिव्ह अँड लायसन्सवर दिलाय. भाडं २२,००० आणि डिपॉझिट दीड लाख. वर्षभराने तुम्ही आत डोकावता, तर पीठ मळायच्या मशीनखाली चौदा फरश्या फुटल्यात. मागच्या भिंतीला एक्झॉस्ट फॅनसाठी भोक पाडलंय. भट्टीमागचा रंग काळा झालाय. शटर जड चालतंय. सांडपाण्याची लाइन तुंबलीय आणि शेजारच्या गाळ्याच्या भिंतीला ओल धरलीय.

पाच गोष्टी दिसल्या. म्हणून पाचही भाडेकरूच्या माथी मारायच्या का? नाही. इथेच बहुतेक मालकांचं गणित चुकतं.

झीज वेगळी, नुकसान वेगळं

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये कलम १०८ आहे. त्यातल्या 'म' म्हणजे इंग्रजीतल्या एम खंडात याचं मूळ आहे. भाडेपट्ट्याने घेतलेली जागा जशी मिळाली तशी राखायची आणि परत करताना तशीच द्यायची. अपवाद दोनच, वापरातली साधारण झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती. पुढे हाच खंड सांगतो की मालकाला वाजवी वेळी जागा पाहता येते आणि दोष दिसला तर तशी नोटीस देता येते. तो दोष भाडेकरूच्या किंवा त्याच्या माणसांच्या हातून झाला असेल तर नोटिशीपासून तीन महिन्यांत त्याने तो दुरुस्त करायचा. म्हणजे ज्या पत्राबद्दल आपण बोलतोय ते कायद्यात १८८२ पासून आहे. कोणी वकिलाने काढलेली युक्ती नाही ती.

आता आपल्या पाच गोष्टी या चाळणीतून काढा.

भट्टीमागचा रंग काळा होणं ही झीज आहे. फरसाणाला गाळा दिलात, तेव्हा धूर होणार हे तुम्हाला माहीत होतं. शटरचंही तसंच. रोज दोनदा वर-खाली होणाऱ्या शटरची स्प्रिंग कधीतरी ढिली पडणारच. हा खर्च तुमचा. पण फुटलेल्या फरश्या हे नुकसान आहे. जड मशीनखाली रबराचे पॅड किंवा जाड पत्रा टाकणं त्याच्या हातात होतं. भिंतीचं भोकही नुकसानातच मोडतं, कारण तुमच्याकडे न विचारता पाडलंय.

उरली ओल आणि तुंबलेली लाइन. ही खरी अवघड. लाइनमध्ये तळणीचं तेल गोठलंय का, की वीस वर्षांपूर्वीचा पाइपच सांध्यात फुटलाय? तेल असेल तर जबाबदारी त्याची, पाइप फुटला असेल तर तुमची. हे तुम्ही दारात उभं राहून ठरवू शकत नाही. नोटीस लिहायच्या आधी प्लंबरला बोलवा, चेंबर उघडून दाखवायला सांगा, फोटो काढा आणि त्याच्याकडून चार ओळी लिहून, सही करून घ्या. पाचशे-हजार रुपये व्हिजिट चार्ज जाईल, जाऊ द्या. एका चुकीच्या आरोपाने नोटिशीतले बाकीचे खरे मुद्देही संशयात येतात. भाडेकरू मग त्या एकाच मुद्द्यावर भांडत बसतो आणि फरश्या बाजूला राहतात.

मालकाचीही बाजू असते, हे विसरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर, जागा राहण्या-वापरण्याजोगी ठेवणं मालकाचं काम आहे. मालक करत नसेल तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करून भाड्यातून वळती करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. तुमच्यातले बरेच जण आज स्वतः भाड्याच्या गाळ्यात धंदा उभा करतायत, त्यांनी हे कलम नीट वाचून ठेवावं.

तुमचा करार कुठला?

वरचं कलम १०८ भाडेपट्ट्याला, म्हणजे लीजला लागू आहे. आपल्याकडे बहुतेक गाळे आणि फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर जातात. बोलताना आपण त्यालाही भाडेकरूच म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत तो परवानाधारक असतो. तिथे तुमचा करार काय म्हणतो यावर सगळं उभं असतं. म्हणून करारात तीन वाक्यं हवीतच. जागा साधारण झीज वगळता मूळ स्थितीत परत करायची. वापरणाऱ्याकडून झालेलं नुकसान लेखी कळवल्यापासून अमुक दिवसांत त्याने दुरुस्त करायचं. न केल्यास मालक दुरुस्ती करून प्रत्यक्ष खर्च बिलाप्रमाणे वसूल करेल. दिवस किती? साध्या कामाला पंधरा ते तीस दिवस, पाणी गळती किंवा वायरिंगसारख्या कामाला दोन दिवस. ही माझी पद्धत आहे, कायद्याने घालून दिलेला आकडा नाही.

आणि करार नोंदणी केलेला हवा. १९९९ च्या त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या विषयाला त्याहून महत्त्वाचं असं की, नोंदणी नसेल तर अटी काय होत्या याबद्दल वापरणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "फरश्या फुटल्या तर तुम्हीच बघाल असं ठरलं होतं" असं तो म्हणाला की खोटं ठरवायची मेहनत तुमची. नोंदणीचे दोन-तीन हजार वाचवायला गेलेला माणूस इथे सापडतो.

नोटिशीआधीची दोन कामं

पहिलं, पाहणी. गाळा तुमच्या नावावर आहे म्हणून दुसऱ्या चावीने उघडून आत जायचं नाही. कलम २८ तुम्हाला पाहणीचा हक्क देतं, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. फरसाणवाल्याकडे संध्याकाळी सहाला जाऊ नका, तेव्हा त्याच्या काउंटरवर गर्दी असते. आदल्या दिवशी मेसेज टाका, "भाऊ, उद्या दुपारी चारला गाळा बघायला येतो, चालेल ना?" त्याचं "या" हे उत्तर म्हणजे तुमचा पुरावा.

पाहणी करताना त्याला सोबत फिरवा. फोटो लांबून एक आणि जवळून एक असे काढा. नुसत्या फुटलेल्या फरशीचा फोटो कुठल्याही गाळ्यातला असू शकतो, लांबच्या फोटोत शटर आणि काउंटर दिसलं की शंका उरत नाही. मूळ फोटो फोनमध्येच ठेवा. फॉरवर्ड झालेल्या फोटोचा दर्जा उतरतो, तारीखही हरवते. उद्या कोर्टात जायची वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्या वेळी मूळ फोन, मूळ फाइल विचारली जाते.

पण या फोटोंना किंमत येते ती ताबा देतानाच्या फोटोंमुळे. चावी दिली त्या दिवशी फरश्या धड होत्या, हे कशावरून? तुमच्याकडे ते फोटो नसतील तर "हे आधीच होतं" या एका वाक्यापुढे तुम्ही गप्प. पुढच्या वेळी चावी देतानाच दहा मिनिटं व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंगही त्यात घ्या, आणि वस्तू-स्थितीची यादी करून दोघांच्या सह्या घ्या.

दुसरं काम, कोटेशन. फरशीवाला, गवंडी आणि प्लंबर यांच्याकडून लेखी आकडा घ्या. आपल्या उदाहरणात समजा चौदा फरश्या उखडून नव्या बसवायला मजुरीसकट ११,२००, भोक बुजवून प्लास्टर-रंगाला ३,८००, लाइन साफ करायला २,५०० असे एकूण १७,५०० झाले. "वीस-पंचवीस हजार लागतील" असा अंदाज नोटिशीत लिहिला की घासाघीस सुरू होते. १७,५०० लिहून मागे तीन कागद जोडले की बोलणं कागदांवर येतं.

इथे लोभ आडवा येतो, बघा. त्या शेडची फरशी आता बंद झालीय, म्हणून अख्खा गाळा नवीन करून द्या, असं मालक म्हणतो. फरशी जुनी असेल तर जुन्याच्या बदल्यात सगळं नवीन मागणं टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ पण हेच सांगतं, करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आकडा ही फक्त वरची मर्यादा. त्यामुळे "नुकसान झाल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त" असल्या वाक्यावर फार विसंबू नका. धंद्यातली सोपी सोय म्हणजे गाळा बांधताना त्याच लॉटच्या दोन पेट्या फरश्या जादा घेऊन माळ्यावर टाकायच्या.

आता नोटीस

हा नमुना आपल्या उदाहरणातला आहे. मोकळ्या जागा तुमच्या तुम्ही भरा.

दिनांक : ........

प्रति,
श्री. ........
गाळा क्र. ....., ........ (आणि करारातील कायमचा पत्ता)

विषय : गाळ्यातील नुकसानीच्या दुरुस्तीबाबत

महोदय,

दि. ........ रोजीच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारानुसार (दस्त क्र. ........) वरील गाळा आपल्या वापरात आहे. आपणांस आगाऊ कळवून दि. ........ रोजी दुपारी ४ वाजता आपल्या समक्ष गाळ्याची पाहणी केली. त्या वेळी पुढील नुकसान आढळले.

१. मळणी यंत्राखालील व लगतच्या १४ फरश्या फुटल्या आहेत.
२. मागील भिंतीस लेखी परवानगीशिवाय भोक पाडले आहे.
३. सांडपाण्याची लाइन तळणीचे तेल साचून तुंबली आहे. प्लंबरचा लेखी अभिप्राय सोबत जोडला आहे.

ताबा देतानाच्या यादीत व छायाचित्रांत या तिन्ही गोष्टी सुस्थितीत आहेत. कराराच्या कलम ..... नुसार ही दुरुस्ती आपण करावयाची आहे. लाइन दि. ........ पर्यंत आणि उर्वरित दोन्ही कामे दि. ........ पर्यंत पूर्ण करावीत. फरश्या त्याच मापाच्या व शक्य तितक्या जुळत्या रंगाच्या असाव्यात. भिंतीचे काम विटा व सिमेंटने करून प्लास्टर करावे.

आपणांस सोयीचे असल्यास ही कामे मी करून घेईन व प्रत्यक्ष बिलाप्रमाणे रक्कम आपण द्यावी. सध्याचा अंदाज रु. १७,५०० असून कोटेशन सोबत आहेत. वरील मुदतीत काम न झाल्यास मी दुरुस्ती करून खर्च करारानुसार वसूल करीन.

आपले काही वेगळे म्हणणे असल्यास हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी कळवावे.

आपला,
........

सोबत : छायाचित्रे, प्लंबरचा अभिप्राय, तीन कोटेशन, ताबा यादीची प्रत

या नोटिशीत "तुम्ही निष्काळजी आहात", "विश्वासघात केला", "परिणामांना तयार राहा" असलं काही नाही, हे लक्षात आलं का? ते मुद्दाम. उद्या हे पत्र तिसऱ्या माणसाने वाचलं, मग तो सोसायटीचा सेक्रेटरी असो की न्यायाधीश, तर तुम्ही शांत आणि हिशेबी माणूस वाटला पाहिजे. शटरचा आणि काळ्या रंगाचा उल्लेखही नाही, कारण ती झीज होती. "७ दिवसांत लेखी कळवावे" हे वाक्य मात्र काढू नका. त्याने उत्तर दिलं तर वाद नेमका कुठे आहे ते कळतं, आणि गप्प बसला तर तेही नंतर उपयोगी पडतं. मुदतीच्या जागी "लवकरात लवकर" लिहू नका, तारीख लिहा.

कामाचा दर्जा लिहिलाय तो अनुभवाने. नाहीतर फुटलेल्या फरशीच्या फटीत व्हाइट सिमेंट भरून आणि भोकावर पुठ्ठा लावून वर रंग मारून "झालं शेठ" असा फोन येतो. माझं मत सांगतो, वायरिंग, प्लंबिंग आणि भिंतीचं काम आपल्याच माणसाकडून करून घ्यावं, पैसे त्याचे. फरशीसारखं दिसणारं काम त्याला करू द्यावं. त्याच्या ओळखीचा मिस्त्री स्वस्तात करत असेल तर आपलं काय जातं?

पोचवताना दोन प्रती न्या. एकीवर "प्रत मिळाली", तारीख आणि सही घ्या. सही करायला नको म्हणाला तर तिथे वाद घालू नका, स्पीड पोस्टाने पाठवा, गाळ्याच्या पत्त्यावर आणि करारातल्या कायमच्या पत्त्यावरही. रजिस्टर्ड पोस्टाची जुनी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालीय, त्यामुळे पोस्टात जाऊन गोंधळू नका. पाकीट "घेण्यास नकार" शेऱ्याने परत आलं तर फोडू नका, तसंच बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाका, पण सोसायटीच्या ग्रुपवर नाही.

पत्र गेल्यावर

बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी फोन येतो आणि माणूस दुखावलेला असतो. "काका, नोटीस कशाला? सांगितलं असतं तरी केलं असतं." तुम्ही म्हणा, "सांगतोच आहे, फक्त दोघांच्या लक्षात राहावं म्हणून कागदावर सांगितलंय." आणि मग चहा घ्या खुशाल. पुढच्या महिन्यात करतो म्हणाला तर हो म्हणा, फक्त तारीख मेसेजवर लिहून घ्या. सणाच्या हंगामात फरसाणवाल्याला गाळा दोन दिवस बंद ठेवणं परवडत नाही. दिवाळीनंतरची तारीख दिलीत तर काम नीट होतं.

काहीही झालं तरी वीज-पाणी तोडू नका. कलम २९ खाली अत्यावश्यक सोयी बंद करायला मालकाला मनाई आहे. शटरवर आपलं कुलूप लावणं त्याहून वाईट, मग पोलीस ठाण्यात उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.

भाडं घेणं थांबवू नका आणि आलेल्या भाड्यातून दुरुस्ती परस्पर वळती करू नका. २२,००० आले तर २२,००० चीच पावती द्या, पावती देणं कलम ३१ ने बंधनकारकच आहे. दुरुस्तीचा हिशेब वेगळा ठेवा. दोन्ही मिसळलं की सहा महिन्यांनी भाडं थकलंय की दुरुस्ती, हे तुमचं तुम्हालाच सांगता येत नाही. डिपॉझिटमधून मध्येच कापायचं ठरलं तर तसं दोघांच्या सहीने लिहा आणि तेवढी रक्कम त्याने परत भरायची तारीखही लिहा. नाहीतर पुढच्या नुकसानीला तुमच्या हातातलं डिपॉझिट तेवढं कमी झालेलं असतं.

"एवढं केलंय तर बाहेरच काढतो" असं खूप जणांच्या मनात येतं. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या जुन्या भाडेकरूच्या बाबतीत कलम १६ मध्ये ताबा परत मिळवायची कारणं दिली आहेत. जागेची नासधूस करणारं किंवा कायमची हानी करणारं कृत्य आणि लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम, ही दोन त्यात आहेत. पण चौदा फरश्या फुटल्या म्हणून ताबा मिळेल, अशी आशा धरू नका. आणि एक गोष्ट मालकांना सहसा माहीत नसते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, गरज असेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केलेलं लाकडी पार्टिशन, उभ्याचा ओटा, एसी, धुराडं, एक्झॉस्टची वाट ही कामं 'पक्कं बांधकाम' धरलेली नाहीत. म्हणजे ज्या भोकावरून तुम्ही सगळ्यात जास्त चिडलात, तो मुद्दा तिथे सगळ्यात लेचापेचा. आपल्या उदाहरणात मी तर फरसाणवाल्याला विचारेन, फॅन हवाच आहे ना? मग भोक बुजवण्याऐवजी नीट चौकट बसव, जाळी लाव, आणि जाताना बुजवून देईन असं लिहून दे. त्याचे पैसे वाचले, तुमचं भाडं चालू राहिलं आणि भिंतीचा धूरही कमी झाला.

मुदत उलटली, दुसरं स्मरणपत्र गेलं, तरी हालचाल नाही, तर मात्र वकिलाकडे जा. आधी आकडेमोड करा. १७,५०० साठी कोर्टात वर्षं घालवायची की काम करून घेऊन बिलं जपून ठेवायची आणि गाळा सोडताना दीड लाखातून वळती करायची? डिपॉझिट शिल्लक असेल तर दुसरा रस्ता बरा. डिपॉझिट नसेल किंवा नुकसान त्याच्याही पलीकडे असेल तर भरपाईच्या दाव्याला करारभंगापासून तीन वर्षांची मुदत असते, तेवढ्यात निर्णय घ्या.

आणि काम नीट झालं तर? मग पुन्हा जा, फोटो काढा आणि त्याला दोन ओळींचं पत्र द्या : "दि. ........ च्या पत्रातील तिन्ही दुरुस्त्या पूर्ण झाल्या आहेत. त्याबाबत माझी काही मागणी नाही." हे पत्र द्यायला मालक विसरतात. भाडेकरू मात्र ते जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी काही मोडलं की स्वतःहून फोन करतो.